तेल लावलेली जाळी

पिकल्या चिकूला चीक नसतो, असं चिकू वाटीत कापून चमच्याने खाणाऱ्यांना वाटतं. दिवसाला दोन टन चिकू ज्या जाळीतून जातो, ती जाळी धुणाऱ्या बाईला विचारा. साली, देठं आणि नजर चुकवून घुसलेला एखादा कच्चा चिकू, हे सगळं मिळून त्या जाळीच्या भोकाभोकांत असं काही बसतं की लग्नाला येऊन महिनाभर राहिलेला पाहुणा बरा. पाणी मारा, साबण लावा, ते हलत नाही.

ती जाळी धुणारी बाई म्हणजे जमना. राहणार गंजाडच्या एका पाड्यावर. वय पन्नाशीच्या आसपास. नेमकं तिलाही ठाऊक नाही, आणि आधार कार्डावर पाड्यातल्या निम्म्या लोकांसारखी तिचीही जन्मतारीख एक जानेवारी. चिखल्याला, डहाणू-बोर्डी रस्त्याला लागून, मुकेशशेठचा चिकूचा गर काढायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, आत एकीमागे एक मोठ्या आणि बारीक भोकांची जाळी असलेलं गर गाळायचं स्टीलचं यंत्र, स्टीलच्या टेबलांची रांग आणि मागे बर्फाची खोली. गर गोठवून सुरतेच्या आइस्क्रीमवाल्याला जायचा. सकाळी सहाला यंत्र सुरू व्हायचं आणि एकला बंद. वीस बाया चिकू चिरायच्या, बिया काढायच्या, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या, आणि एक वाजता डबे खाऊन खिदळत रस्त्याला लागायच्या. त्या गेल्या की जमना आत शिरायची.

धुण्याचं काम एकट्याचं. चार तास ती, पाण्याचा पाइप आणि ते यंत्र. पाइप सुरू असला की शेजारी माणूस उभा राहून ओरडला तरी ऐकू येत नाही, पण शेजारी कुणी नसायचंच. फाटकावर झिपरू नावाचा वॉचमन होता. तो जेवला की खुर्चीत मान टाकायचा आणि जमना घरी निघाली की जागा व्हायचा. जमनाला त्याचं काही वाटत नसे. तिला एकटेपणाची सवय होती, म्हणजे निदान ती तसं म्हणायची.

नवरा बारक्या जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा मनिष सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत, तिथेच खोली घेऊन बायकोसोबत. रविवारी त्याचा फोन यायचा. बरी हायस ना, बरी हाय, जेवली का, जेवली. एवढं झालं की दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही, आणि मनिष म्हणायचा, चल ठेवतो. घरी एका माणसाचं भाताचं पातेलं धुवायला कितीसा वेळ लागतो? जमना ते दोनदा धुवायची.

दिवाळीनंतर कारखान्यात दक्षा आली. तलासरीची पोर, चोविशीची, बी.एस्सी. झालेली, अंगात पांढरा कोट. सुरतवाल्याने अट घातली होती की यंत्राची तपासणी करणारं शिकलेलं माणूस ठेवा, म्हणून शेठने नाइलाजाने ठेवलेली. पूर्वी जिथे बारदानं पडायची ती खोली तिला मिळाली. सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी ती जाळीवरून, टाकीवरून, टेबलावरून कापसाची काडी फिरवायची. ती काडी जेलीच्या बशीत घासायची आणि बशी एका उबदार कपाटात दोन दिवस ठेवायची. यंत्रावर जंतू असतील तर बशीत ठिपके उगवतात, नसतील तर बशी कोरी. मग दिवसभर कागद लिहायची. तिचं काम तीनला संपायचं आणि गाडी चारला. बोर्डीकडून येणारी ती एसटी चुकली तर पुढची सातला, आणि डहाणूहून पुढे तलासरीला पोचायला नऊ वाजायचे.

चिरणाऱ्या बायांनी तिचं नाव काडीवाली मॅडम ठेवलं होतं. ती जवळून गेली की त्यांचं हसणं बंद व्हायचं आणि पुढे गेली की दुप्पट सुरू व्हायचं. म्हणून तीन ते चार हा तास कुठे काढायचा हा दक्षापुढेही प्रश्नच होता. एके दिवशी ती चहाचे दोन ग्लास घेऊन धुणं चाललेल्या शेडमध्ये आली.

“मावशी, चहा घ्या.”

जमनाने पाइप बंद केला नाही, कारण निम्मी जाळी बाकी होती. तिने एका हाताने ग्लास घेतला, दुसऱ्या हाताने ब्रश चालू ठेवला. दक्षा काहीतरी बोलत होती, जमनाला तिचे नुसते ओठ दिसत होते. पंधरा मिनिटं उभी राहून पोर गेली. त्या दिवशी संध्याकाळी गंजाडला जाताना इको गाडीत बसल्या बसल्या जमनाला कळेना की आपल्याला इतकं चुकल्यासारखं का वाटतंय. मावशी म्हणून कुणीतरी दारात आलं, आणि आपण त्याला बस सुद्धा म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी दक्षा पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. पण जाळीला पाच वाजेपर्यंत सुट्टी नव्हती. असं महिनाभर चाललं, आणि मग जानेवारीत जमनाला युक्ती सुचली.

युक्ती कसली, घरचीच रीत. फणस कापायचा तर विळीला आणि हाताला आधी तेल लावायचं, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. तेल असलं की चीक धरत नाही. मग चिकूने काय घोडं मारलंय? जमनाने घरून खोबरेलाची बाटली आणली, जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणला, आणि धुणं संपल्यावर कोरड्या जाळीवर आतून-बाहेरून हलका हात फिरवला. तेलाचा तुकडा डालड्याच्या जुन्या डब्यात घातला आणि डबा खिडकीत, पत्र्याच्या आडोशाला ठेवला. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची धार मारली तर सगळा चीक सालींसकट सरसर खाली आला. भिंतीवर कामाचा तक्ता लावलेला होता: आधी पाणी, मग साबणाचं गरम पाणी आणि ब्रश, मग पुन्हा पाणी, शेवटी क्लोरीनचं पाणी. पण जिथे ब्रशला काही लागतच नाही तिथे साबण कशाला वाया घालवायचा? जाळी साबणाशिवायच चकचकली. क्लोरीनचं पाणी मात्र तिने नेमाने मारलं, कारण औषध ते औषध. घड्याळात पावणेतीन वाजले होते. जमनाने स्वतःचीच पाठ थोपटली.

आणि मग तो तास सुरू झाला.

चिकूचे दोन क्रेट पालथे घालायचे, एकावर जमना, एकावर दक्षा. चहा. दक्षाच्या आईला गुडघेदुखी, बापाला पोरीच्या लग्नाची घाई, एक स्थळ उंबरगावचं, मुलगा बरा पण बोलताना मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. जमना म्हणायची, “मंग त्याला मोबाइलशीच लावून द्या की.” दक्षा इतकी हसायची की चहा सांडायची. जमना तिला शेतातल्या बांधाच्या बिळातून खेकडा कसा काढायचा ते सांगायची, पावसाळ्यातली शेवळाची भाजी नीट उकडली नाही तर घसा कसा धरतो ते सांगायची. एकदा दक्षाने विचारलं, “मावशी, काल रात्री काय खाल्लं?” साधा प्रश्न. पण गेल्या सहा वर्षांत जेवली का असं विचारणारे होते, काय खाल्लं ते कुणी विचारलं नव्हतं. जमनाने नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी असं सांगितलं, आणि न विचारता चटणी कशी वाटली तेही सांगितलं. त्या तासासाठी ती आता बाकीचे तेवीस तास ढकलत होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं कुणी असतं तर तो तास तरी कशाला लागला असता?

होळी झाली आणि सुरतेहून माल परत आला.

जंतूंचं प्रमाण जास्त, असं कागदावर लिहिलेलं. दक्षाच्या बश्यांत तर आधीपासूनच ठिपके यायला लागले होते, आणि सगळ्यात जास्त जाळीवरच्या काडीत. तिने शेठला सांगितलं. शेठने येऊन जाळी पाहिली. जाळी आरशासारखी चमकत होती. जवळ गेलं की खोबरेलाचा मंद वास यायचा, पण जमना केसांना तेल चोपडते हे सगळ्यांना माहीत होतं. शेठने वापीहून एक जाणकार आणला. त्या उंटावरच्या शहाण्याने पाण्याचा फिल्टर बदलायला लावला, भिंतींना रंग द्यायला लावला, टाकीचे नळ बदलले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चैत्रातल्या महालक्ष्मीच्या जत्रेच्या आधी माल दुसऱ्यांदा परत आला, आणि जत्रा झाल्यावर सोमवारी तिसऱ्यांदा.

त्या सोमवारी मुकेशशेठ शेडमध्येच दक्षावर घसरला. माणूस वाईट नव्हता, पण तीन वेळा तोंडघशी पडलेला माणूस शहाणाही राहत नाही.

“मी काय बोलतो, जाळी बघ. जमनाबेनने आरसा केलाय आरसा. आणि तुझ्या बशीत जंतू! म्हणजे जंतू कुठे? तुझ्या हातात, तुझ्या काडीत.”

“सर, सुरतेलाही तेच निघालंय ना,” दक्षा म्हणाली.

“सुरतेला तुझेच कागद बघून शंका आली! आता पुढच्या मंगळवारी त्यांचा माणूस स्वतः सॅम्पल घेणार. त्यात निघाला ना, तर तू बीजी नोकरी शोध, दुसरी. मला पण दुसरं माणूस ठेवायला लागेल.”

चोर सोडून संन्याशाला फाशी. फक्त चोर कोण, हे तेव्हा चोरालाही माहीत नव्हतं. जमना तिथेच पाइप गुंडाळत उभी होती, आणि आपलं कौतुक ऐकून तिला जरा बरंही वाटलं होतं. तिला नंतर या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

तीन वाजता दक्षा आली ती चहाशिवाय आली. हातात एक झाकलेली बशी होती. क्रेटवर बसली आणि म्हणाली, “बघा मावशी. ही जाळीवरची.”

बशीत पिवळट पांढरे ठिपके होते, एकाला एक लागून, पाय ठेवायला जागा नाही इतके. महालक्ष्मीच्या जत्रेत गडाखाली होते तशी गर्दी.

“पण क्लोरीन मारते ना मी,” जमना म्हणाली. “रोज मारते. नाकात जातो त्याचा वास.”

“मारता, मला माहीत आहे. तेच तर कळत नाही.” दक्षाने डोळे पुसले. “एकटा जंतू काही नसतो मावशी. नुसत्या पाण्यानेही वाहून जातो. पण त्याला बसायला जागा मिळाली आणि थोडं खायला मिळालं, की तो घट्ट धरून बसतो. मग त्याच्याजवळ दुसरा, तिसरा. सगळे मिळून अंगावर एक चिकट पांघरूण घेतात. त्याच्या खाली औषध पोचत नाही. वरचे चार मरतात, खालचे तसेच. म्हणून आधी साबण आणि ब्रश. घासून पांघरूण काढलं तरच औषधाचा उपयोग.”

जमना बशीकडे बघत राहिली. “म्हंजे ते पण एकटे नाय ऱ्हात.”

“नाही राहत. एकटे राहिले की मरतात.”

दक्षाने बशी पुन्हा झाकली. चारची गाडी आली आणि दक्षा गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, जमनाने जाळी धुतली, आणि क्लोरीनचं पाणी मारताना पहिल्यांदाच नीट पाहिलं. शेजारच्या स्टीलच्या टेबलावर तेच पाणी पडलं होतं, ते पसरून टेबल ओलंगच्च झालं होतं. जाळीवर मात्र त्याचे थेंब झाले होते. अळवाच्या पानावर होतात तसे गोल, टपोरे थेंब. जाळी जराशी कलती केली की सगळे घरंगळून खाली आणि जाळी कोरडी. तिने बोट फिरवलं. बोट बुळबुळलं. तिने खिडकीतला डबा उघडला, लुगड्याचा तुकडा नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. तीन महिने तोच तुकडा. रोज धुतलेल्या जाळीवर रोज तिने तोच फिरवला होता.

तिने डबा खाली ठेवला. ती क्रेटवर बसली. म्हणजे औषध रोज मारत होती, आणि औषध रोज जाळीला न शिवता मोरीत जात होतं. ती चमक जाळीची नव्हतीच, तेलाची होती. आणि नोकरी जाणार होती त्या पोरीची.

आता कुणी म्हणेल, तिने लगेच जाऊन सांगायला हवं होतं. सांगणं सोपं असतं, ज्याच्याकडे गमवायला दुसरं काहीतरी शिल्लक असतं त्याला. जमनाने विचार केला की कुणाला काही न सांगता आपणच निस्तरू. तिने तेलाचा तुकडा चुलीसाठी पिशवीत घातला, कढत पाणी घेतलं, साबण ओतला आणि ब्रश घेऊन बसली. तीन वाजता दक्षा चहा घेऊन दारात आली. जमनाने मान वर केली नाही. पाण्याच्या आवाजात दक्षा काहीतरी म्हणाली, मग ग्लास टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून गेली. जमनाने साडेपाचला तो चहा प्यायला, थंड आणि वर साय धरलेला. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. तिच्या बोटांची सालपटं निघाली.

शुक्रवारी एकच्या सुमाराला ती कारखान्यात आली तेव्हा दक्षा आपल्या खोलीत पुस्तकं पिशवीत भरत होती.

“काय गे बाय, काय करतेस?”

“बुधवारच्या काडीची बशी आज बघितली. ठिपके कमी आहेत, पण आहेत.” दक्षाचा आवाज अगदी सरळ होता, म्हणजे ती रडून मोकळी झालेली होती. “मंगळवारी तो माणूस येणार. तोवर काही होत नाही मावशी. मी शेठना आजच सांगते, दुसरं कुणी बघा. हाकलण्याआधी गेलेलं बरं.”

जमना दारातच उभी राहिली. तीन दिवस बोटं सोलवटून घासलं तरी ते निघालं नव्हतं. तीन महिने तेलाखाली ज्यांनी घर केलं होतं ते तीन दिवसांत थोडेच घर सोडणार? त्यांना काढायचं कसं हे एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस पिशवी भरत होतं.

“मी तेल लावत होती,” जमना म्हणाली.

“काय?”

“जाळीला. खोबरेल. चीक धरू नये म्हणून. फणसाला लावतात ना, तसं. रोज. आणि साबण नाय लावला. मीच केलं ते, बाय. तुझी काडी चांगली हाय.”

दक्षाच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. मग ती धावतच शेडमध्ये गेली, यंत्र नुकतंच थांबत होतं, आणि जाळीच्या कडेचा रबराचा पट्टा तिने नखाने उचकटला. पट्ट्याखालून तपकिरी, बुळबुळीत थर निघाला, नखाएवढाच जाड. “इथे,” ती म्हणाली, “इथे बसलेत.” तिचा चेहरा उजळला होता. जमनाला तो उजळलेला चेहरा बघून बरं वाटलं, आणि पुढचं ऐकायला तिने मन घट्ट केलं.

पण दक्षा ओरडली नाही. ती धुण्याचं रजिस्टर चाळत होती. त्यात जमना रोज दोन वेळा लिहायची, सुरू आणि बंद. आकडे तेवढे तिला लिहिता यायचे.

“डिसेंबरमध्ये रोज पाचला बंद,” दक्षा म्हणाली. “जानेवारीपासून पावणेतीन. मावशी, एवढी घाई कसली होती? तुमची सुट्टी तर सहालाच होते.”

जमनाने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते.

“तुझी गाडी चारची ना,” ती म्हणाली.

दक्षाला कळायला क्षणभर लागला. मग तिने रजिस्टर मिटलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं.

शेठला सांगताना दक्षाने फक्त तेलाचं सांगितलं. शेठने कपाळावर हात मारला. “जमनाबेन, हे काय केला तुम्ही! सुरतवाला तीन महिने खोबरेलवाला आइस्क्रीम खातोय!” मग त्याला स्वतःलाच हसू आलं, आणि मग पुन्हा राग आला, आणि शेवटी तो म्हणाला की चूक सांगितली म्हणून ठेवतो, पण आजपासून तक्त्यात लिहिलंय तसंच धुवायचं, एक पायरी सोडायची नाही, वेळ लागेल तो लागू दे. जमनाने मान हलवली. वेळ किती लागेल ते तिला कुणी सांगायला नको होतं.

शनिवारी कारखाना बंद ठेवून दोघींनी ते यंत्र खोललं. दोन्ही जाळ्या बाहेर, पट्टे बाहेर, पाती बाहेर. दक्षाने गमबूट चढवले, कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी केलं, आणि सगळं त्यात बुडवून ठेवलं. पाण्यावर तेलाचे तवंग आले. मग घासणं. जमना भोकं घासायची, दक्षा कडा घासायची, आणि पाइप बंद असला की बोलायच्या. उंबरगावचं स्थळ मोडलं होतं. खेकडा एकदा दाखवाच, दक्षा म्हणाली, पावसाळ्यात येते तुमच्याकडे. चारची गाडी गेली तेव्हा दोघींपैकी कुणीच घड्याळ पाहिलं नाही. सात वाजले तेव्हा दक्षाच्या बापाचा फोन आला आणि त्याने तिला फैलावर घेतलं. जमनाला तो दिवस फार आवडला. असा दिवस पुन्हा येणार नाही हेही तिला घासता घासताच कळत होतं, आणि म्हणून ती हळूहळू घासत होती.

मंगळवारी सुरतेचा माणूस आला, गर घेऊन गेला. शुक्रवारी त्याचा फोन आला, माल पास. शेठने सगळ्यांना पेढे वाटले. जमनाचा पेढा झिपरूने शेडमध्ये आणून दिला.

त्या दिवशी पावणेचारला दक्षा दारात आली. खांद्याला पिशवी, हातात बशी. जमनाने पाइप बंद केला.

“बघा,” दक्षा म्हणाली. “तुमच्या जाळीची. बुधवारची काडी.”

जमनाने बशी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. नुसती जेली. तिच्यातून पलीकडचं फाटक दिसत होतं, झिपरूची खुर्ची दिसत होती.

“एकपण नाय?”

“एकही नाही. शून्य. असं आपल्याकडे पहिल्यांदाच आलंय मावशी.”

जमनाला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. ती बशी तिला लवकर परत द्यावीशी वाटेना. त्या दुसऱ्या बशीत किती गर्दी होती.

“चहा आणू?” दक्षाने विचारलं, पण विचारताना तिची नजर रस्त्याकडे गेली.

“नको गे. मोठी जाळी झाली, बारीक बाकी हाय. तू जा, गाडी चुकंल. बाबा बोलंल परत.”

“उद्या जरा लवकर येऊन बघते,” दक्षा म्हणाली. लवकर म्हणजे कधी, ते तिने सांगितलं नाही. एकला यंत्र बंद होत होतं, धुणं साडेपाचला संपत होतं आणि गाडी चारला होती. यात कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. तिने बशी घेतली, जमनाच्या सोलवटलेल्या बोटांवर क्षणभर हात ठेवला आणि निघाली.

जमनाने पाइप सोडला. साबणाचं पाणी, ब्रश, भोकामागून भोक. फाटकापाशी दक्षा वळून काहीतरी म्हणाली, तिचे ओठ हलताना दिसले. जमनाने घाईघाईने पाणी बंद केलं.

“काय गे?” ती ओरडली.

पण गाडी लागली होती. दार आपटल्याचा आवाज आला, घंटी वाजली, आणि एसटी डहाणूच्या दिशेने निघाली. जमना बंद पाइप हातात धरून उभी राहिली आणि गाडीचा आवाज ऐकत राहिली, पार सुरूच्या बनापलीकडे तो संपेपर्यंत. मग तिने पुन्हा पाणी सोडलं. बारीक जाळीला मोठीपेक्षा जास्त भोकं होती.